परदेशी गाडीचे गोत्र

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांची भूमी दुहेरी स्वभावाची आहे. पूर्वेस मंचर, नारायणगाव, आळेफाटा या बाजूला द्राक्षांचे मळे, टोमॅटोची वावरे आणि उसाचे फड यांमधून डांबरी रस्ते सरळ धावतात. पण पश्चिमेस डिंभे आणि माणिकडोह यांच्या जलाशयांपलीकडे, भीमाशंकर किंवा नाणेघाट यांच्या दिशेने जसजसे जावे तसतशी पावसाची धार वाढते, चढ तीव्र होतात आणि वाडीवस्तीला जाणारी वाट पुष्कळदा लाल चिखलात हरवून जाते. अशा मुलुखात उंच तळाची, चारही चाकांना जोर पोचवणारी दणकट गाडी ही हौसेइतकीच गरजेचीही वस्तू ठरते. आणि म्हणून पुण्या-मुंबईच्या सधन मालकाने कैक वर्षे वापरून विकावयास काढलेली पजेरो, प्राडो किंवा रेक्सटन एखाद्या बागायतदाराच्या अंगणात येऊन उभी राहते, यात नवल नाही.

नवी असताना जिची किंमत त्या बागायतदाराच्या विचारातही आली नसती, ती गाडी आता एखाद्या नव्या लहान मोटारीच्या भावात मिळते, याचे कारण तिचे सामर्थ्य ओसरलेले असते असे नाही. कित्येकदा इंजिन आणि सांगाडा दोन्ही निरोगी असतात. कारण असे की, तिचा एखादा भाग निकामी झाल्यास तो कोठे मिळेल, कोण बसवील आणि तोवर गाडी किती दिवस उभी राहील, या तिन्ही प्रश्नांची धास्ती बाजाराने किमतीतून आधीच वजा केलेली असते. ही धास्ती सर्वस्वी खोटी नाही, पण बहुतांशी ती अज्ञानातून येते असे माझे स्पष्ट मत आहे. कोणतीही मोटार एका छपराखाली जन्मास येत नाही. तिच्या इंजिनाचा आराखडा एका देशातला, गिअरबॉक्स दुसऱ्याच कारखान्याचा, डिझेलचा पंप आणि नोझल तिसऱ्याचे, बेअरिंगे व ऑइल सील तर जगभर एकाच मापाने घडणारी. नाव मात्र त्या सर्वांवर एकाच कंपनीचे लागते. त्या कंपनीने येथला गाशा गुंडाळला तरी गाडीचे हे गोत्र शिल्लक राहते, आणि ज्या मालकाला ते ठाऊक आहे त्याची गाडी सहसा पोरकी होत नाही.

याचा सर्वांत जुना दाखला म्हणजे खुद्द जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. त्यांपैकी काही विलीज-ओव्हरलँड या कंपनीने बांधल्या, काही फोर्डने. सैन्याची अट अशी होती की, एका कंपनीच्या गाडीचा भाग दुसरीच्या गाडीत कोणतीही काटछाट न करता बसलाच पाहिजे, कारण रणभूमीवर मोडलेल्या दोन गाड्यांतून एक चालती गाडी उभी करण्याचा प्रसंग रोजचाच होता. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या माथ्यावरसुद्धा, इंग्रजी एफ हे अक्षर उमटवले, पण माप मात्र विलीजचेच राखले. युद्ध संपल्यावर लष्कराच्या शिल्लक मालाच्या विक्रीतून अशा जीपगाड्या नागरिकांच्या हाती आल्या. त्याच सुमारास, १९४५ साली, जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र हे बंधू व मलिक गुलाम मोहम्मद यांनी महिंद्र अँड मोहम्मद ही पेढी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९४८ मध्ये पेढीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे बदलले, आणि मुंबईत माझगावला विलीज जीपचे सुटे भाग पेटाऱ्यांतून आणवून त्यांची जोडणी सुरू झाली.

प्रारंभी सर्व सामान अमेरिकेचे असे. पुढे एकेक भाग येथेच घडू लागला. सीजे-३बी या नमुन्याचे उत्पादन अमेरिकेत १९६८ साली थांबले, पण आपल्याकडे त्याचा वंश इंजिने आणि अंगकाठी बदलत त्यानंतरही अनेक दशके चालू राहिला. युद्धकालीन जीपचे २.२ लिटरचे, साठ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन झडपा बाजूला बसवलेल्या जुन्या पद्धतीचे होते. सीजे-३बीमध्ये त्याच इंजिनाचा पिंड कायम ठेवून केवळ आत हवा घेणाऱ्या झडपा माथ्यावर नेण्यात आल्या. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव दोहोंत एकच. सबब, एखाद्याकडे आजही १९४० च्या दशकातील मूळ अमेरिकन जीप असेल, तर तिच्या देखभालीची चिंता त्याने दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या विलायती गाडीच्या मालकाहून कमी करावी, अशी स्थिती आहे. लुधियानात तिच्या अंगाचे पत्रे मिळतात, गिअरबॉक्स व ट्रान्सफर केसचे सामान महिंद्रच्या जुन्या गाड्यांवरून जुळते, आणि जुन्नर-आंबेगावच्या गावोगावी प्रवासी वाहणाऱ्या जीपगाड्यांवर ज्यांचे हात बसले असे वयस्क मेस्त्री अजून या भागात आहेत. त्यांना तिचे पुस्तक उघडावे लागत नाही. नुसत्या आवाजावरून कोणता गिअर झिजला हे ते सांगतात.

पेट्रोलवर चालणाऱ्या अशा जुन्या जीपला आज खरा उपद्रव होतो तो इंधनाचा. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. उसातून निघणारे हे द्रव्य ऊस पिकवणाऱ्या मुलुखाला परके नाही, परंतु जुन्या रबरी नळ्या आणि कार्बुरेटरमधील पडदे त्याने फुगतात किंवा तडकतात, आणि ते हवेतील ओलावा ओढून घेत असल्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालून घेणे आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर कार्बुरेटर रिकामा करून ठेवणे, हे दोन उपाय स्वस्त आहेत व पुरेसेही.

जीपची गोष्ट सुखाची. सांगयाँग रेक्सटनची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, आणि या तालुक्यांना अधिक जवळचीही, कारण खेड ओलांडून थोडे दक्षिणेस गेले की लागणाऱ्या चाकणमध्येच ती गाडी भारतीय रस्त्यासाठी जोडली जात होती. सांगयाँग ही कोरियाची कंपनी. तिचा मोठा हिस्सा महिंद्रने विकत घेण्याचा करार २०१० च्या अखेरीस केला, तो २०११ मध्ये पूर्ण झाला, आणि २०१२ साली रेक्सटन आपल्या बाजारात आली. २०१८ मध्ये तिचीच पुढची पिढी अल्टुरास जी-४ या नावाने महिंद्रच्या दुकानांतून विकली जाऊ लागली. पण २०२० च्या डिसेंबरात सांगयाँगने दिवाळखोरीचा अर्ज केला, २०२२ मध्ये कोरियाच्या केजी समूहाने ती घेतली, पुढल्या वर्षी तिचे नावही केजी मोबिलिटी असे झाले. आणि या उलथापालथीत आपल्याकडच्या रेक्सटन व अल्टुरास मालकांच्या वाट्याला एक प्रश्न आला, की जिच्या पाठीशी ना पूर्वीचा जनक राहिला ना येथला पालक, त्या गाडीने आता कोणाच्या दारी जावे?

उत्तर तिच्या बोनेटखालीच आहे. १९९० च्या दशकारंभी सांगयाँगने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी तांत्रिक सहकार्याचा करार केला होता, आणि तेव्हापासून तिची डिझेल इंजिने मर्सिडीजच्या आराखड्यांवरून घडली. आपल्याकडे आलेल्या रेक्सटनचे २.७ लिटरचे पाच सिलिंडरी इंजिन त्याच घराण्यातले. तिचा स्वयंचलित पाच गतींचा गिअरबॉक्स तर मर्सिडीजचाच, जो कंपनीच्या अंतर्गत संकेतानुसार ७२२.६ या क्रमांकाने ओळखला जातो आणि ज्यावर त्या काळातील असंख्य मर्सिडीज मोटारी धावल्या. अल्टुरासचा सात गतींचा गिअरबॉक्सही त्याच घरचा. याचा अर्थ असा की, रेक्सटनचा गिअरबॉक्स बिघडला असता नारायणगावच्या मालकाने सांगयाँग जाणणारा मेस्त्री शोधण्यात दिवस घालवू नयेत. पुण्यात जुन्या मर्सिडीज दुरुस्त करणारा जो कोणी असेल त्याच्याकडे ७२२.६ हा आकडा सांगावा, तो क्षणात ओळखेल.

या गिअरबॉक्सचा एक रोग तपशिलाने सांगण्यासारखा आहे, कारण त्याचे निदान न झाल्यामुळे पुष्कळ मालक विनाकारण मोठ्या खर्चात पडतात. गिअरबॉक्सच्या बाजूस तेरा टाचण्यांचा एक विद्युत जोड असतो. त्यातून आतील झडपांना संदेश जातात. हा जोड जेथे गिअरबॉक्सच्या कवचातून आत शिरतो तेथे प्लास्टिकच्या एका बुशीवर दोन लहान रबरी कड्या असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्या कड्या कडक झाल्या की तेल किंचित झिरपू लागते, आणि दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते तारांच्या बारीक सुतांमधून वर चढत गाडीच्या आत बसवलेल्या गिअरबॉक्सच्या संगणकापर्यंत पोचते. मग गाडी एकाएकी एकाच गतीत अडकते, किंवा गती बदलताना हिसका देते. मालकाला वाटते गिअरबॉक्स गेला, आणि कोणी तो उतरवावयास सांगतो, कोणी जुना दुसरा आणून बसवावयास सांगतो. वस्तुतः प्रारंभी नुसती बुश बदलून, तार आणि संगणकाचा जोड विद्युत-उपकरणे स्वच्छ करण्याच्या फवाऱ्याने धुऊन, तेल बदलले तर गाडी पूर्ववत चालते. म्हणून अशी गाडी विकत घेण्यापूर्वी तो संगणकाचा जोड काढून त्यात तेलाचा अंश आहे काय हे बोट लावून पाहावे. मर्सिडीजच्या या गिअरबॉक्सला तेल मोजण्याची कांडीही नेहमी बसवलेली नसते. नळीचे टोक झाकलेले असते, आणि कांडी कारखान्यातल्या फिटराकडे वेगळी असून तेल ८० अंश सेल्सिअस तापल्यावर मोजावयाचे असते. थंड तेल पाहून भर घालणारा मेस्त्री हितच करू पाहतो, पण हाती नुकसान येते.

इतर गाड्यांची नाती थोडक्यात सांगतो. मागल्या पिढीच्या प्राडोमध्ये आणि २००९ साली आपल्याकडे आलेल्या पहिल्या फॉर्च्युनरमध्ये टोयोटाचे १ केडी हे तीन लिटरचे डिझेल इंजिन होते, आणि फॉर्च्युनर तर आता प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसते; म्हणून प्राडोच्या मालकाने इंजिनापुरती काळजी करू नये, त्याने अंगाच्या काचा, दिवे आणि आतले सामान जपावे, कारण तेच मिळावयास कठीण. हिंदुस्तान मोटर्सने चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरला जोडलेल्या पजेरोचे २.८ लिटरचे इंजिन येथे दुसऱ्या प्रसिद्ध गाडीत आढळत नाही. मात्र आखाती देशांत पजेरो अगणित असल्यामुळे तिचे सामान दुबईमार्गे येते. तिच्यानंतरची पजेरो स्पोर्ट ज्या ४डी५६ वंशाच्या इंजिनावर चालते त्याला साखळीऐवजी टायमिंग बेल्ट असतो, आणि तो तुटला की पिस्टन झडपांवर आदळून इंजिनाचा माथा निकामी होतो. बेल्ट केव्हा बदलला याचा लेखी पुरावा विक्रेत्याकडे नसेल तर तो बदलण्याचा खर्च पहिल्या दिवशीच धरावा. शेव्हरोले या नावाने विकली गेलेली फॉरेस्टर वस्तुतः जपानच्या सुबारूची होती. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री बंद केली, आणि सुबारूने तर येथे स्वतःचे दुकान कधी मांडले नाही, त्यामुळे तिच्या मालकाला प्रत्येक भागासाठी परदेशाकडेच पाहावे लागते. ही गाडी घेऊ नये, असे मी निःसंकोच सांगेन. उलट १९८० च्या आसपासची मर्सिडीजची २४० जीडी ही जी-वॅगन पाहा: तिच्यात ओएम ६१६ हे डिझेल इंजिन असे, आणि तेच इंजिन आकुर्डीच्या बजाज टेम्पोने परवान्याखाली आपल्याकडे घडवून ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्ये घातले. मूळची जर्मन राजेशाही गाडी आणि आळेफाट्यावर प्रवासी भरणारी ट्रॅक्स यांचे रक्त एक आहे, हे ज्याला ठाऊक त्याला इंजिनाच्या सामानासाठी स्टुटगार्टला पत्र लिहावे लागत नाही.

नाते कळले तरी सामान मागताना नात्याच्या भरवशावर जाता येत नाही. तेथे आकडाच लागतो. गाडीचे नाव आणि साल सांगून भाग मागणे ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत, आणि चुकीचा भाग हाती पडण्याचे सर्वांत मोठे कारणही तीच. सतरा अक्षर-अंकांच्या चासी क्रमांकावरून कंपनीच्या यादीत त्या विशिष्ट गाडीच्या प्रत्येक भागाचा क्रमांक निघतो. जुना क्रमांक रद्द होऊन त्याजागी नवा आलेला असेल तर तोही कळतो. जुना भाग काढल्यावर तो भंगारात टाकण्यापूर्वी त्यावर कोरलेला मजकूर पुसून, उजेडात धरून, वहीत उतरवून घ्यावा. त्या भागावर गाडीच्या कंपनीचा शिक्का असतोच, पण पुष्कळदा प्रत्यक्ष घडवणाऱ्याचाही असतो: बॉश, डेन्सो, डेल्फी, आयसिन, सॅक्स, वालिओ. याच घडवणाऱ्याचा माल त्याच्या स्वतःच्या पुडक्यात, गाडीच्या कंपनीच्या पुडक्याहून बराच स्वस्त मिळतो. डिझेलच्या नोझलबाबत मात्र आणखी एक दक्षता हवी. रेक्सटनच्या डेल्फी नोझलांवर प्रत्येकी एक दीर्घ संकेत छापलेला असतो. नवे नोझल बसवल्यावर तो संकेत इंजिनाच्या संगणकात स्कॅनरने भरावा लागतो, न भरल्यास नोझल नवे असूनही इंजिन धूर ओकते व खडखडते.

आता जे सामान बाहेरून आणण्याचे कारणच नाही त्याविषयी. या दोन तालुक्यांत शेतीमुळे कारागिरीची जी संपत्ती साठली आहे तिची आपल्याला पुरती जाणीव नाही. बेअरिंगचेच पाहा. मोटारपंप भरून देणाऱ्या दुकानात ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग मागितले तर फळीवरून काढून देतील. त्याचे आतले माप २५ मिलिमीटर, बाहेरचे ५२, जाडी १५, आणि हा क्रमांक स्वीडनात, जपानात व पुण्यात एकाच मापाचा असतो. शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणले की आतले माप येते, हा नियम ०४ पासून पुढे लागू; ०३ म्हणजे १७ मिलिमीटर, ०२ म्हणजे १५, ०१ म्हणजे १२ आणि ०० म्हणजे १० हे पाठ करून ठेवावे. ज्या परदेशी अल्टरनेटरची किंमत ऐकून मालक हवालदिल होतो, तो कित्येकदा ६३०३ सारख्या साध्या बेअरिंगने आणि कार्बन ब्रशच्या जोडीने पुन्हा बरा होतो. इतकेच की क्रमांकापुढची अक्षरेही जुळली पाहिजेत: सी३ म्हणजे उष्णतेने फुगण्यासाठी आत थोडा अधिक सैलपणा ठेवलेले बेअरिंग, आणि इंजिनाजवळच्या वेगवान, तापणाऱ्या जागेला बहुधा तेच लागते. पंपाच्या मोटारीतले साधे बेअरिंग तेथे घातले तर ते लवकर आवाज करू लागेल.

ऑइल सीलही मापाची वस्तू आहे. तिच्यावर ३५-५२-७ असे आकडे असतात, म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. तेवढे जुळले आणि ओठाचे रबर योग्य असले की झाले. क्रँकच्या टोकाला उष्णता सोसणारे व्हायटन जातीचे रबर लागते. चाकाच्या हबला साधे नायट्राइल चालते. पॉवर स्टिअरिंगची उच्च दाबाची नळी फुटली तर जुनी नळी घेऊन ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक नळ्या दाबून देणाऱ्याकडे जावे. दोन्ही टोकांचे मूळ जोड वापरून, पुरेशा दाबाची नवी नळी तो बसवून देतो. सायलेन्सरच्या टांगण्या, रेडिएटरची गळती, घासलेली लोखंडी बुश, तुटलेला ब्रॅकेट ही सर्व कामे लेथवाला आणि वेल्डिंगवाला उत्तम करतात, आणि ती पुण्याला नेण्यात अर्थ नाही.

पण ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्यापाशी ही कारागिरी थांबली पाहिजे, याविषयी माझा आग्रह आहे. स्टिअरिंगचा बॉल जॉइंट भरून, ठोकून, पुन्हा घट्ट करून देणारे लोक आहेत, आणि त्यांचे काम काही महिने टिकतेही; परंतु माळशेज घाटाच्या वळणावर तो जॉइंट निखळला तर चाकाची दिशा मालकाच्या हाती राहत नाही. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरची रबरे दुसऱ्या गाडीची, जवळपासच्या मापाची बसवणे, किंवा एअरबॅगचा दिवा विझावा म्हणून त्याच्या तारा परस्पर जोडून देणे, ही त्याच जातीची कामे होत. येथे योग्य भाग परदेशातून येण्यास महिना लागला तर गाडी महिनाभर उभी ठेवावी.

या भागाच्या पश्चिम पट्ट्यात गाडी वापरणाऱ्यास पाण्यापासून होणारी एक हानी ठाऊक असणे अवश्य आहे. घाट चढून आल्यावर मागच्या डिफरन्शिअलचे तेल तापलेले असते. त्याच स्थितीत गाडी ओढ्यात घातली की लोखंडी कवच क्षणात थंड होते, आतली हवा आकुंचन पावते आणि ते कवच बाहेरून हवा ओढून घेऊ लागते. हवेच्या ये-जा करण्यासाठी वर एक बारीक श्वासनळी ठेवलेली असते. ती चिखलाने बुजलेली असेल, किंवा तिचे टोक पाण्याखाली गेले असेल, तर सीलच्या ओठावरून किंवा त्या नळीतूनच पाणी आत शोषले जाते. पुढे दोन-तीन महिन्यांनी डिफरन्शिअल घुमू लागतो, आणि तळाचा बोल्ट उघडल्यावर ताकासारखे पांढरट तेल बाहेर येते. रेक्सटन किंवा पजेरोचा क्राउन-पिनियन मिळविण्याचे कष्ट ज्याने घेतले आहेत, त्याला श्वासनळीची किंमत सांगावी लागत नाही. पावसाळा सुरू होण्यापूर्वी पुढची व मागची श्वासनळी साफ करावी, तिला लांब रबरी नळी जोडून टोक इंजिनाच्या उंचीवर बांधावे, आणि पावसाळा सरल्यावर दोन्ही डिफरन्शिअलचे थोडे तेल काढून रंग पाहावा. ब्रेकचे तेलही ओलावा पितेच: डॉट ४ दर्जाचे तेल ताजे असताना २३० अंशांना उकळत नाही, पण पुरेसे पाणी शोषल्यावर त्याचा उत्कलनबिंदू १५५ अंशांवर उतरतो, आणि लांब उतारावर तेल उकळून वाफ झाली की पेडल पायाखाली तळाला जाते. दर दोन वर्षांनी ते बदलण्याचा खर्च एका वेळच्या डिझेलहून अधिक येत नाही.

सामानाच्या बाजारांविषयी आता बोलले पाहिजे. पुण्यात नाना पेठ ही सुट्या भागांची जुनी पेठ. पजेरो, प्राडोचे सर्वसाधारण घासणारे सामान, म्हणजे ब्रेकपॅड, फिल्टर, क्लच प्लेट, तेथे थेट नाही तरी एक-दोन दिवसांत मागवून मिळते. मुंबईत कुर्ल्याला मोडीत निघालेल्या गाड्यांच्या भागांचा मोठा बाजार आहे, आणि दिल्लीत काश्मीरी गेटला नव्या सामानाचा, मायापुरीला मोडीचा. मोडीच्या भागांत घेण्याजोगे कोणते आणि टाळण्याजोगे कोणते याचा विवेक हवा. दरवाजे, काचा, आरसे, दिव्यांची घरे, सीट, चाकांच्या रिमा, डिफरन्शिअलचे कवच हे जुने घेण्यास हरकत नाही, कारण त्यांचा दोष डोळ्यांना दिसतो. ज्यांचे आयुष्य वापराने किंवा काळाने संपते ती रबरे, ब्रेकचे भाग, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप आणि एअरबॅग जुने कधीही घेऊ नयेत. मोडीतून संपूर्ण इंजिन आणून बसवण्याचा मोह होतो, पण त्यात इंजिनाचा क्रमांक बदलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदीत फरक पाडणारा बदल परवानगीवाचून करता येत नाही. त्या इंजिनाचे विक्रीपत्र आणि ज्या गाडीतून ते निघाले तिची नोंदणी रद्द झाल्याचा दाखला हाती घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

परदेशातून थेट भाग मागवणे आता पूर्वीइतके दुर्घट राहिलेले नाही, पण एकट्याने एखादी रबरी बुश मागवली तर टपालखर्च आणि जकात मिळून बुशीच्या कित्येक पट होतात. पुणे, नाशिक, नगर या परिसरात त्याच गाडीचे जे चार-पाच मालक असतील त्यांनी गरजा एकत्र करून वर्षातून एकदा एकच मागणी पाठवावी. फिल्टरांचे संच, सस्पेन्शनच्या बुशी, गिअरबॉक्सच्या त्या तेरा टाचण्यांच्या जोडाच्या बुशी, सेन्सर यांसारखे हलके, टिकाऊ सामान तेव्हाच साठवून ठेवता येते. नोझल आणि टर्बोसारखे महाग भाग मात्र गरज पडल्यावरच मागवावेत.

राहता राहिला सरकारी दप्तराचा भाग, आणि तो खरेदीच्या आधीच तपासला पाहिजे. जुन्नर व आंबेगावच्या गाड्या पिंपरी-चिंचवडच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या, म्हणजे एमएच-१४ च्या दप्तरी असतात. खाजगी गाडीची मूळ नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर गाडी तपासणीस नेऊन, पर्यावरण कर भरून, पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क साध्या मोटारीस ५,००० रुपये आणि आयात केलेल्या चारचाकीस ४०,००० रुपये असे झाले. २०२५ च्या ऑगस्टातील अधिसूचनेने वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी तेच अनुक्रमे १०,००० आणि ८०,००० रुपयांवर नेले. म्हणून तयार आयात झालेली गाडी आणि सुटे भाग आणून चाकण किंवा तिरुवल्लूरला जोडलेली गाडी यांत मालकाच्या दृष्टीने मोठा भेद पडू शकतो. नोंदणीपुस्तकात तिचा उल्लेख आयात म्हणून आहे काय, हे स्वतः वाचावे, दलालाच्या शब्दावर विसंबू नये. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. तिच्याखाली गाडी रोजच्या वापरास चालत नाही, पण एखाद्या युद्धकालीन जीपच्या मालकाला ती उपयोगी पडेल. ज्या गाडीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली आहे ती घेताना तपासणी, कर आणि शुल्क यांची रक्कम आधी कागदावर मांडावी, विक्रेत्यासमोर ठेवावी, आणि ती किमतीतून वळती करून घ्यावी. तपासणीच्या दिवशी हेडलाइटचा झोत, ब्रेक, स्टिअरिंगची ढिलाई आणि धुराचे प्रमाणपत्र यांवरच बहुतेक जुन्या गाड्या परत पाठवल्या जातात, सबब ही चार कामे पासिंगच्या आठवडाभर आधी उरकून गाडी कार्यालयाच्या दारी न्यावी.